मान धरणे म्हणजे काय धरणे?

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्यालगत. ही हकीगत दुसऱ्या मानपाड्यातली. तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई एका रविवारी सकाळी आमच्याकडे आल्या. आमच्या नावाआधीचे 'डॉ.' हे इंजेक्शन देणारे नव्हे, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी विचारले, “माझी नात पावणेपाच महिन्यांची झाली. अजून मान धरत नाही. विहीणबाई म्हणतात, तेल नीट चोळलं गेलं नाही. अंघोळ घालणाऱ्या मावशी म्हणतात, धरेल, घाई कशाला? खालच्या मजल्यावरचा मुलगा हिच्यानंतर जन्मला, त्याची मान केव्हाच ताठ झाली. मी वर्गात तरफ शिकवते तेव्हा मानेचंच उदाहरण देते. पण नात मांडीवर असली की त्या आकृतीचा काही उपयोग होत नाही.”

बालरोगतज्ज्ञांना दाखवा, हे पहिले उत्तर आम्ही दिले. आणि त्या दाखवणारच होत्या. पण त्यांच्या शेवटच्या वाक्याने आम्हाला विचारात पाडले. तरफेची ती आकृती चूक नाही. मग ती अपुरी कुठे पडते?

आकृती आठवून पाहू. कवटी ही पहिल्या प्रकारची तरफ. पाठीच्या कण्याचा सर्वांत वरचा मणका हा टेकू. डोक्याचा गुरुत्वमध्य या टेकूच्या थोडा पुढे, कानाच्या पुढच्या बाजूला येतो, म्हणून डोक्याचा कल नेहमीच पुढे पडण्याकडे असतो. मागच्या बाजूने मानेचे स्नायू कवटी खाली ओढून धरतात आणि तोल साधतो. याचा पुरावा हवा असेल तर सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये बसलेल्या प्रवाशांकडे पाहावे. डुलकी लागली की स्नायू सैलावतात, हनुवटी छातीकडे लवंडते, आणि तेवढ्यात हिसका बसून डोके पुन्हा वर येते. जागे असताना हे स्नायू आपल्या नकळत अखंड राबत असतात.

आता या तरफेवर बाळाचे डोके ठेवा. प्रौढ माणसाच्या उंचीत डोक्याचा वाटा सुमारे एक-अष्टमांश असतो. नवजात बाळाच्या लांबीत तो जवळजवळ एक-चतुर्थांश असतो. मेंदूचेच पाहा. तीन किलोच्या बाळाचा मेंदू साडेतीनशे ते चारशे ग्रॅम भरतो, म्हणजे वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त. आपल्यात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते. एवढे जड डोके बारीक मानेवर. शिवाय जन्मापूर्वी ते नऊ महिने पाण्यात तरंगत होते. गुरुत्वाकर्षणाची खरी गाठ जन्मानंतरच पडते. तेव्हा मान लटपटणारच, आणि स्नायूंना बळ आले की ती थांबणार, असे आकृतीवरून वाटते. घरातल्या मोठ्यांचेही तेच मत असते: तेल चोळा, ताकद आली की मान धरेल.

यातले 'ताकद' हे उत्तर निम्मेच खरे आहे.

लाठी आणि पेन्सिल

एक प्रयोग वर्गात करून पाहावा. मीटरभर लांबीची काठी तळहातावर उभी तोलून धरा. थोड्या प्रयत्नाने जमते. आता तीच कसरत पेन्सिल उभी करून करा. पेन्सिल काठीहून कितीतरी हलकी, ताकदीचा प्रश्नच नाही. तरी ती क्षणात पडते. उलट्या लंबकाचा हा गुणधर्म आहे. तो कलू लागला की किती वेळात हाताबाहेर जातो, हे लांबीला गुरुत्वत्वरणाने भागून त्याचे वर्गमूळ घेतले की ढोबळमानाने कळते. मीटरभर काठीसाठी हा काळ सुमारे ०.३२ सेकंद येतो, पंधरा सेंटिमीटरच्या पेन्सिलीसाठी सुमारे ०.१२ सेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला ०.२ सेकंदाच्या आसपास लागतात. काठी सावरते आणि पेन्सिल सावरत नाही, ती यामुळे.

बाळाची मान आखूड. मानेच्या तळापासून डोक्याचा गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर वर आहे असे धरले, तर हा काळ ०.१ सेकंद भरतो. म्हणजे बाळाच्या वाट्याला पेन्सिलच आली आहे. आणि ती एका सांध्यावर नव्हे, तर एकावर एक रचलेल्या सात मणक्यांवर उभी आहे. प्रत्यक्ष मान काही मोकळा लंबक नसते. सांध्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांचा आणि स्नायूंच्या लवचीकपणाचा आधार तिला असतो. पण हिशेबाचा रोख बरोबर आहे. डोके सावरायचे तर चूक होताच, ती वाढण्याआधी, दुरुस्त करणारी यंत्रणा हवी. नुसत्या बळाने हे काम होत नाही.

ही यंत्रणा तीन ठिकाणच्या बातम्यांवर चालते. पहिली बातमी अंतर्कर्णातून येते. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कुठल्या दिशेने वळले ते सांगतात, आणि त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्यांतील चुनखडीचे सूक्ष्म कण 'खाली' कुठे आहे ते सांगतात. दुसरी बातमी मानेच्याच स्नायूंची. कवटीच्या तळाशी जे छोटे खोल स्नायू आहेत, त्यांच्यात ताण मोजणारे संवेदक फार दाटीने असतात. ओढण्याइतकेच मोजणे हेही त्यांचे काम आहे असे म्हणता येईल. तिसरी बातमी डोळ्यांची. बाळ ज्या चेहऱ्यावर नजर लावते तो चेहरा हलला, तर डोकेच हलले असावे, असा अंदाज मेंदू बांधतो.

अंतर्कर्ण गर्भावस्थेच्या मध्यावरच आकाराला आलेला असतो. म्हणजे उपकरणे तयार असतात. जोडणी आणि सराव बाकी असतो. नवजात बाळाच्या हातापायांच्या चेतातंतूंमधून संदेश जाण्याचा वेग प्रौढांच्या सुमारे निम्माच असतो. तंतूंभोवती मायलिनचे आवरण चढत जाते तसा तो वाढतो. आणि कुठल्या बातमीला कुठल्या स्नायूने किती उत्तर द्यायचे, हे गणित मेंदूला पुनःपुन्हा चुकून बसवावे लागते. डुगडुगणारे डोके हे त्या चुकण्याचेच दृश्य रूप आहे. आपण त्याला 'मान धरणे' म्हणतो, पण धरण्यासारखे त्यात थोडे आहे. सतत सुटणारे सतत सावरणे, हे त्याचे खरे वर्णन होईल.

कोणत्या क्रमाने

जन्मल्यावर लगेच बाळ पालथे ठेवले तर ते तोंड एका बाजूला वळवून नाक मोकळे करते, इतपत येत असते. महिनाभरात हनुवटी क्षणभर उचलली जाते. दोन महिन्यांच्या सुमारास पालथे असताना डोके वर येते आणि थोडा वेळ टिकते. तीन-चार महिन्यांत कोपरांवर भार देऊन छातीही उचलली जाते. साधारण याच काळात, उभे धरले असता डोके स्थिर राहू लागते. दोन्ही हात धरून उताण्या बाळाला हळूच बसते केले, तर सुरुवातीला डोके मागे लोंबते. पाचव्या महिन्याच्या आसपास ते अंगाबरोबर येते. आणि सहाव्याच्या आसपास एक गमतीची गोष्ट घडते. आई उचलायला हात पुढे करते, तेव्हा उताणे बाळ स्वतःच डोके उचलून तयार राहते. आता चूक झाल्यावर दुरुस्ती नाही, तर काय होणार याचा आधीच अंदाज.

हा क्रम असाच का? पालथ्या स्थितीत फक्त मानेच्या मागच्या स्नायूंना काम असते. उताणे असताना डोके उचलायला पुढचे स्नायू लागतात. उभ्या स्थितीत पुढचे, मागचे आणि बाजूचे, सगळ्यांनी एकमेकांशी जुळवून घ्यायचे असते.

मानेवर काय काय अडून असते, याचे एक सुंदर निरीक्षण १९८१ साली फ्रान्समधील बालरोगतज्ज्ञ आल्बेर ग्रनिए यांनी प्रसिद्ध केले. काही आठवड्यांच्या बाळाला बसते करून त्यांनी त्याची मान आपल्या हाताने स्थिर धरली आणि काही मिनिटे शांतपणे त्याच्याशी बोलत राहिले. एरवी बाळाच्या हातापायांना जे झटके येत असतात, मुठी आवळल्या जातात, ते थांबले. बाळ टक लावून पाहू लागले, मुठी उघडल्या आणि हात समोरच्या वस्तूकडे जाऊ लागला. वस्तूकडे हात नेणे आपण चार महिन्यांनंतरचे मानतो. त्याची काही तयारी आधीपासूनच असते. डोके सावरण्याच्या धडपडीत ती झाकली जाते. पुढे बसणे, हाताने धरणे, चमच्याने गिळणे हे सगळे मानेच्या मागोमाग येते. आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करतात. त्या वेळी बाळाचे डोके स्थिर असणे ही घट्टसर अन्न सुरू करण्याची एक खूण आहे, ती यासाठीच.

आपोआप की शिकवून?

मावशी म्हणाल्या 'धरेल', विहीणबाई म्हणाल्या 'चोळा'. हा वाद विज्ञानातही शंभर वर्षे जुना आहे. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅग्रॉ यांनी जॉनी आणि जिमी या जुळ्या भावांवर प्रयोग केला. जॉनीला रोज भरपूर सराव दिला, जिमीला दिला नाही. बसणे-रांगणे यांसारख्या गोष्टींत दोघांत विशेष फरक पडला नाही. पण जॉनी दीड वर्षांच्या आतच चाकांच्या स्केट्सवर घसरू लागला. मेंदू पिकला की मूलभूत हालचाली आपोआप येतात, असा अर्थ बराच काळ घेतला गेला.

१९७६ मध्ये चार्ल्स सुपर यांनी केनियातील किप्सिगिस लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या समजुतीला तडा गेला. किप्सिगिस आया बाळाला बसायला मुद्दाम शिकवतात. जमिनीत उथळ खळगा करून त्यात टेकवून बसवतात. तिथली मुले अमेरिकी मुलांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसत. पण जे शिकवले जात नव्हते, जसे रांगणे, त्यात ती पुढे नव्हती. वंशामुळे फरक असता तर तो सगळ्याच हालचालींत दिसायला हवा होता.

त्यानंतर १९८४ साली एस्थर थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. नवजात बाळाला उभे धरून पाय टेकवले तर ते पावले टाकल्यासारखे करते, आणि दोनेक महिन्यांत ही क्रिया नाहीशी होते. मेंदू पिकल्यामुळे ती दबली जाते, असे पुस्तकांत लिहिलेले असे. थेलन यांनी बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात धरले. पावले वाढली! पायांना छोटी वजने बांधली तर कमी झाली. पाय लवकर लठ्ठ झाले होते आणि स्नायूंचे बळ मागे पडले होते, एवढेच. हालचाल ही मेंदू, स्नायू, वजन आणि परिस्थिती यांच्यातली तडजोड असते. आमच्या मते गेल्या अर्धशतकात बालविकासाच्या अभ्यासात याहून बोलका प्रयोग झालेला नाही, आणि त्याला उपकरण म्हणून लागली ती पाण्याची टाकी.

मानेबाबत तर एक मोठा प्रयोग नकळतच होऊन गेला. अमेरिकेत बाळांना पालथे निजवण्याची चाल होती. पालथे झोपल्याने झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो असे दिसल्यावर १९९२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती सोडायला सांगितले, आणि १९९४ पासून उताणे निजवण्याची मोहीम सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याबरोबर डॉक्टरांच्या लक्षात आले की मुले पालथी वळणे, रांगणे या गोष्टी थोड्या उशिरा करू लागली, कारण पालथे राहण्याचे तासच गेले होते. चालायला मात्र ती त्याच वयात लागली. तेव्हापासूनचा सल्ला असा की झोपताना उताणे, जागेपणी मोठ्यांच्या नजरेसमोर पालथे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याचे प्रमाणही सांगितले: रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी, दिवसभरात थोडे थोडे करून, निदान अर्धा तास पालथे ठेवावे.

पायांवरचे बाळ

आता मावशींकडे वळू. तेल लावणारी बाई पाटावर पाय पसरून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे टाकते आणि पाठ चोळते. बाळ कुरकुरते, डोके उचलते, बाजूला वळवते. रोजची ही दहा मिनिटे म्हणजे पालथे ठेवण्याचा उत्तम सराव आहे, तोही थोड्या उतारावर, जिथे डोके उचलणे सोपे पडते. फायदा तेलाचा की पालथेपणाचा, असे कोणी विचारले तर मानेपुरते आम्ही पालथेपणाच्या बाजूने मत देऊ. तेल कुठलेही असो. मात्र त्याच बैठकीत बाळाला पाय धरून उलटे करणे, हात ओढून झटका देणे, नाकात तेल सोडणे, नंतर धुरी देणे हे प्रकार चालत असतील तर ते थांबवायला हवेत. ज्या मानेचा सांभाळ अजून मेंदूला येत नाही, तिला दिलेला हिसका थेट मेंदूपर्यंत पोचतो. रडणे थांबवण्यासाठी बाळाला गदगदा हलवणे जिवावर बेतू शकते. लाडाने वर उडवून झेलणेही नको.

मग घरी करायचे काय? फार काही नाही, आणि तेच थोडे रोज. दूध पिऊन झाल्यावर लगेच नको. बाळ खुशीत असताना चटईवर पालथे ठेवावे आणि स्वतः त्याच्यासमोर आडवे पडून बोलावे. बाळाला खुळखुळ्यापेक्षा चेहरा अधिक ओढून घेतो. सुरुवातीला अर्धा मिनिटही पुरते. रडू लागले की उचलावे. पुन्हा थोड्या वेळाने ठेवावे. छातीखाली टॉवेलची गुंडाळी दिली तर काम हलके होते. आईने तक्क्याला टेकून बाळाला आपल्या छातीवर पालथे घेतले तरी तोच सराव घडतो, आणि पहिल्या महिन्यात बहुतेक बाळांना तोच आवडतो. खांद्यावर उभे घेताना मानेमागे हात असावा, पण आवळून धरलेला नसावा; डोके थोडे डुगडुगू द्यावे आणि पडू लागले की झेलावे. सावरण्याचा सराव सुटण्यातूनच होतो.

साडीच्या झोळीविषयीही सांगायला हवे. झोळीत बाळ झटकन झोपते, घरातली कामे उरकतात, आणि एका खोलीच्या घरात दुसरी सोय तरी कुठली? पण झोळीत अंग दुमडलेले असते, हनुवटी छातीला लागते, डोके वळवायला जागा नसते. जागे बाळ तासन्‌तास झोळीत राहिले तर मानेला काही करायलाच मिळत नाही. लहान बाळाची हनुवटी छातीवर दाबली गेली तर श्वासालाही अडथळा होतो, म्हणून झोळीत निजलेल्या बाळावर नजर हवी. मोहरीच्या उशीचेही तसेच. डोके गोल राहावे म्हणून ती देतात, पण झोपलेल्या लहान बाळाजवळ उशी न ठेवणेच सुरक्षित. डोके एका बाजूने चपटे होऊ नये याचा उपाय जागेपणीचे पालथेपण हाच आहे. बाळ सतत एकाच बाजूला मान वळवत असेल, दूध एकाच बाजूने नीट पीत असेल, तर मानेचा एक स्नायू आखडलेला असू शकतो. लवकर दाखवले तर तो बहुतेक वेळा साध्या व्यायामाने सुटतो.

उशीर कशाला म्हणायचा

शेजारच्या बाळाशी तुलना करून काही कळत नाही. तुलना पुष्कळ बाळांशी करावी लागते, आणि ती आपल्याकडच्या बाळांशी. हे काम प्रथम बडोद्याला झाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या अमेरिकी मोजपट्टीवरून भारतीय बाळांसाठी प्रमाणके बसवली. त्यांचा अहवाल १९७० मध्ये निघाला. त्यांतून तयार झालेल्या मापनश्रेणीत हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ बाबी आहेत, आणि ती आजही वापरात आहे. एवढी लांब चाचणी गर्दीच्या दवाखान्यात घेता येत नाही, म्हणून १९९१ मध्ये फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ बाबींची छोटी चाचणी दिली. त्याच वर्षी त्रिवेंद्रमच्या डॉ. एम. के. सी. नायर यांच्या गटाने याच प्रमाणकांतून अवघ्या १७ बाबी निवडून तक्ता केला. तो भरायला काही मिनिटे पुरतात. डोके स्थिर धरणे या १७ बाबींतली एक आहे.

अशा तक्त्यात प्रत्येक बाबीसमोर एक वय नसते, एक पट्टा असतो. सरासरी वय म्हणजे ज्या वयात साधारण निम्म्या बाळांना ती गोष्ट येते. त्याचा अर्थ उरलेल्या निम्म्यांना ती नंतर येते आणि त्यांतली बहुतेक अगदी ठणठणीत असतात. २०२२ मध्ये अमेरिकेने आपली यादी बदलली, ती याच गोंधळामुळे. आता तिथे ज्या वयापर्यंत निदान पंचाहत्तर टक्के मुलांना गोष्ट येते ते वय देतात. त्या यादीत कडेवर घेतल्यावर डोके आधाराशिवाय स्थिर ठेवणे चार महिन्यांसमोर आहे.

आणि वय कुठून मोजायचे? बाईंची नात सात आठवडे आधी जन्मलेली होती. हे त्यांनी आम्हाला जाता जाता सांगितले. मेंदूचे पिकणे गर्भधारणेपासूनच्या घड्याळावर चालते; जन्म लवकर झाला म्हणून ते पुढे धावत नाही. पावणेपाच महिन्यांतून सात आठवडे वजा केले तर ती सव्वातीन महिन्यांच्या आतलीच ठरते. पहिली दोन वर्षे अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय असेच दुरुस्त करून घेतात.

पण हिशेब जुळला म्हणून दाखवायचे टाळू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मेंदूला इजा होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्यांना वेळोवेळी पाहावेच लागते. मान न धरणे हा आजार नाही, पण पुष्कळ आजारांची ती पहिली खूण असते. जन्मतः थायरॉईडचे कार्य कमी असेल तर बाळ सुस्त आणि लुळे राहते; पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मेंदूचे नुकसान टळते, उशीर झाला तर पुरते भरून येत नाही. आलेली मान गेली, हसणारे बाळ हसेनासे झाले, अंग फिके पडले, असे दिसले तर थांबूच नये. आईच्या अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर केवळ तिच्या दुधावर असलेल्या बाळाचे असे होऊ शकते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांत हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. म्हणजे ही गोष्ट विरळा नाही, आणि वेळेवर कळली तर उपचार साधा आहे.

उलट प्रकारही असतो, आणि तो जास्त फसवतो. सेरेब्रल पाल्सीची सुरुवात असलेल्या काही बाळांचे अंग लुळे नसते, ताठ असते. उचलले की डोके मागे ताणले जाते, पाठ धनुष्यासारखी वाकते, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. घरचे कौतुकाने म्हणतात, दुसऱ्याच महिन्यात मान धरली! पण त्या मानेला सावरणे येत नसते. ती पुढे येत नाही, आवाजाकडे सहज वळत नाही. खालच्या मजल्यावरच्या मुलाबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. त्याला आम्ही पाहिलेलेही नाही. पण 'ताठ' आणि 'स्थिर' हे दोन शब्द बाईंनी एकाच अर्थाने वापरले होते, आणि सगळा मुद्दा त्या फरकातच आहे.

दाखवायचे कुठे, याचे उत्तर शिक्षकांच्या ओळखीचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो पालघरला, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. वर्षातून एकदा शाळेत मुले तपासायला येणारे पथक याच कार्यक्रमाचे. तेच पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतही जाते आणि तिथे सहा आठवड्यांपासूनची बाळे पाहते. विकासात मागे पडणाऱ्या बाळांना पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवण्याची त्यात सोय आहे. अंगणवाडीला वजन करायला नेलेल्या बाळाची मानही पाहा, असे आईने तिथे नुसते म्हणायचे असते.

बाईंच्या नातीला डॉक्टरांनी तपासले. दुरुस्त वयाच्या मानाने ठीक आहे, दीड महिन्याने पुन्हा आणा, असे ते म्हणाले. दीड महिन्यानंतर बाई भेटल्या तेव्हा नात खांद्यावर बसून पंख्याकडे पाहू लागली होती. मधल्या काळात त्यांनी वर्गातल्या मुलांना घरी एक प्रश्न विचारून यायला सांगितले होते: मी मान केव्हा धरली? पहिला दात आणि पहिले पाऊल बहुतेक आयांना महिन्यासह आठवले. मानेबाबत फार थोड्यांना सांगता आले. एका मुलाची आजी मात्र म्हणाली होती, “दिवाळीला ह्याच्या डोक्यामागे हात लागायचा, संक्रांतीला नाही लागला.” बाईंनी फळ्यावर दिवाळी ते संक्रांत किती दिवस होतात ते मुलांकडून मोजून घेतले, आणि त्याची जन्मतारीख विचारली.